सोन्याच्या डोंगरातील विहीर

इटलीतील तुरीन शहरी प्राचीन इजिप्तच्या वस्तूंचे एक नामांकित संग्रहालय आहे. तेथे पपायरसवर काढलेला एक नकाशा जपून ठेवला आहे. काळाच्या ओघात त्याचे तुकडे झाले. ते जुळवून मांडले म्हणजे त्याची लांबी पावणेतीन मीटरांहून थोडी अधिक आणि रुंदी जवळजवळ हातभर भरते. नकाशात दोन डोंगररांगांमधून वाट गेलेली आहे. काही डोंगर काळ्या रंगाने भरले आहेत, तर काही गुलाबी. वाटेवरची खडी दाखविण्यासाठी लहान लहान रंगीत ठिपके दिले आहेत. एके ठिकाणी चार घरे, एक विहीर, अमुन देवाचे स्थान आणि सेती राजाचा शिलास्तंभ दाखविला आहे. गुलाबी डोंगरांवर त्या काळच्या धावत्या लिपीत 'सोन्याचे डोंगर' असे लिहिले आहे आणि घरांपाशी ही सोने काढणाऱ्यांची वस्ती असल्याची नोंद आहे.

हा नकाशा इ. स. पूर्व ११५०च्या सुमाराचा, म्हणजे चौथ्या रामसेस राजाच्या काळातील आहे. तो काढणाऱ्याचे नाव अमेननख्त. राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे एक गाव नाईल नदीच्या पश्चिम तीरावर होते, त्या गावचा तो लेखनिक. श्रोतेहो, या लेखनिकाची आणखी एक ओळख सांगण्यासारखी आहे. तिसऱ्या रामसेसच्या राज्याच्या एकोणतिसाव्या वर्षी याच कारागिरांना शिधा मिळेना, तेव्हा त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि ते देवळाच्या आवारात जाऊन बसले. इतिहासाला ठाऊक असलेला हा पहिला संप. त्याची हकीकत सांगणारा पपायरसही तुरीनलाच आहे आणि तो बहुधा याच अमेननख्तच्या हातचा असावा, असे अभ्यासक मानतात. ज्या हाताने सोन्याचे डोंगर रंगविले, त्याच हाताने भुकेल्या कारागिरांचे गाऱ्हाणे लिहिले. सोन्याच्या खाणीविषयी बोलताना या दोन कागदांचा शेजार मला विसरता येत नाही.

नकाशातील जागा नेमकी कोणती, यावर दीर्घकाळ वाद चालला. अखेर १९९२ साली हॅरेल आणि ब्राऊन या दोन भूवैज्ञानिकांनी तो नकाशा प्रत्यक्ष जमिनीशी पडताळून पाहिला. इजिप्तच्या पूर्वेकडील वाळवंटात 'वादी हम्मामात' नावाची दरी आहे. वादी म्हणजे कोरड्या नदीचे पात्र. या दरीच्या सुमारे पंधरा किलोमीटर लांबीच्या भागाचे हे चित्र आहे, असे त्यांनी दाखवून दिले. इतकेच नव्हे, तर काळे आणि गुलाबी हे रंग शोभेसाठी दिलेले नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आले. जेथे काळसर थरांचा खडक आहे तेथे काळा रंग आहे, आणि जेथे ग्रॅनाइट आहे तेथे गुलाबी. आजवर टिकून राहिलेला जगातील सर्वांत जुना भूशास्त्रीय नकाशा म्हणून त्याचा मान आहे. भूशास्त्र हे नावही जन्मण्यापूर्वी तीन हजार वर्षे एका लेखनिकाने खडकाखडकांतला भेद ओळखून कागदावर उतरविला होता.

या दरीच्या ईशान्येस सुमारे पाच किलोमीटरांवर 'बीर उम्म फवाखीर' हे ठिकाण आहे. बीर म्हणजे विहीर. पुढचे दोन शब्द 'मातीच्या भांड्यांची आई' अशा अर्थाचे आहेत. तेथे पायाखाली जे खापरांचे तुकडे विखुरलेले आढळतात, त्यांवरून हे नाव पडले असावे. नाईलकाठचे किफ्त, ज्याला ग्रीक लोक कोप्तोस म्हणत, आणि तांबड्या समुद्रावरचे कुसैर बंदर यांना जोडणारी सुमारे १८० किलोमीटरांची वाट आहे. हे ठिकाण जवळजवळ तिच्या मध्यावर येते. दोन्ही बाजूंस पाण्यापासून तितकेच दूर. माणसाने वस्ती करावी असे तेथे वरकरणी काहीच नाही. तरीही तीन हजारांहून अधिक वर्षे माणसे तेथे येत राहिली, खाणी खणीत राहिली, निघून जात राहिली आणि पुन्हा येत राहिली. हे का घडले, याचे उत्तर इतिहासाआधी खडकांत शोधावे लागते.

आपण दख्खनचे लोक काळ्या कातळाशी परिचित असतो. आपला सह्याद्रीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झाला. मनुष्याच्या मानाने हा काळ अफाट वाटतो. पण फवाखीरच्या खडकांपुढे आपला सह्याद्री अगदी पोरसवदा आहे. सुमारे सत्तर-ऐंशी कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. तो समुद्र हळूहळू आटत, मिटत गेला. दोन्ही बाजूंचे भूखंड एकमेकांवर येऊन आदळले, आणि मधल्या समुद्राच्या तळाचा खडक चिरडून, दुमडून वर उचलला गेला. हाच तो गडद हिरवट, स्पर्शाला गुळगुळीत लागणारा सर्पेंटाइन खडक; पूर्वीचा समुद्रतळ आता डोंगर होऊन उभा आहे. पुढे सुमारे साठ कोटी वर्षांपूर्वी, ही आदळआपट ओसरत असताना, खोलातून वितळलेल्या खडकाचा एक मोठा गोळा वर सरकला आणि या जुन्या खडकांच्या कुशीत थिजला. तो फवाखीरचा गुलाबी ग्रॅनाइट.

सोने आले ते या ग्रॅनाइटच्या पाठोपाठ. पृथ्वीच्या पोटात कित्येक किलोमीटर खोलीवर शेकडो अंश तापलेले पाणी दाबाखाली फिरत असते. त्यात गंधक विरघळलेले असले म्हणजे ते सोन्याचा अत्यल्प अंश आपल्याबरोबर वाहून नेऊ शकते. असे पाणी खडकांच्या भेगांतून वर चढते. वर येता येता निवते, त्यावरचा दाब कमी होतो, शेजारच्या खडकाशी त्याची रासायनिक देवघेव होते, आणि मग ते आपले ओझे टाकून देते. भेगेत पांढरी गारगोटी साचते आणि गारगोटीत लोह-गंधकाच्या स्फटिकांबरोबर सोन्याचे कण अडकतात. फवाखीरच्या ग्रॅनाइटमध्ये अशा गारगोटीच्या शिरा आहेत. त्याच्या कडेला, जेथे ग्रॅनाइट आणि सर्पेंटाइन एकमेकांना भिडतात, तेथे एल-सिद नावाची खाण आहे. या साऱ्या वाळवंटातील अत्यंत समृद्ध खाणींत तिची गणना होते. आपल्याकडे कर्नाटकात कोलारला किंवा रायचूर जिल्ह्यातील हट्टीला सोने मिळाले, ते याहूनही कितीतरी प्राचीन खडकांत. सह्याद्रीच्या तरुण कातळात अशी खाण नाही. जाता जाता सांगतो, हट्टीच्याच टापूत मस्की येथे अशोकाचा जो प्रसिद्ध शिलालेख १९१५ साली उजेडात आला, तो प्रथम दृष्टीस पडला सोन्याच्या शोधार्थ हिंडणाऱ्या एका खाण-इंजिनिअरच्या. सोने शोधणारे लोक इतिहासाच्या हाती पुष्कळदा असे काही देऊन गेले आहेत.

तर सोने कसे आले, ते असे. परंतु सोने आहे एवढ्यानेच वाळवंटात खाण चालत नाही. माझ्या नोकरीचा बराच काळ टंचाईच्या तालुक्यांत गेला. कोणत्या गावास टँकरच्या किती खेपा, कोणत्या कामावर किती मजूर, हे हिशेब मांडीत असता एक गोष्ट मनावर ठसली: काम कितीही मोठे असो, मजूर टिकतात ते पाण्याच्या बेताने. म्हणून फवाखीरविषयी वाचताना सोन्याच्या शिरांपेक्षा तेथील विहिरींची हकीकत मला अधिक खिळवून ठेवणारी वाटली.

ती हकीकत अशी. त्या प्रदेशात पाऊस वर्षानुवर्षे पडत नाही. मात्र कधी काळी एखादी जोराची सर आली, तर ग्रॅनाइटच्या असंख्य बारीक भेगांतून ते पाणी आत शिरते आणि खडकातून सावकाश झिरपत राहते. ग्रॅनाइटची हद्द संपून घट्ट सर्पेंटाइन लागला की त्याची वाट अडते. बांधाला पाणी तटावे तसे ते तेथे तटते, आणि तेथेच खणले असता विहिरीला पाणी लागते. म्हणजे ज्या दोन खडकांच्या सीमेने साठ कोटी वर्षांपूर्वी सोने वाहून आणणारे ऊन पाणी अडविले, तशाच सीमेवर आजचे पावसाचे पाणीही अडते. सोने आणि पाणी एकाच दरीत सापडावे, हा योगायोग म्हणण्यापेक्षा एकाच घडणीचे दोन परिणाम म्हणणे अधिक योग्य होईल.

प्राचीन लोकांना हे शास्त्र माहीत नव्हते. पण पाण्याचे मोल त्यांनी दगडावर कोरून ठेवले. वादी हम्मामातच्या कातळावर शेकडो लेख आहेत. त्यांतील एकात, इ. स. पूर्व २०००च्या सुमारास चौथ्या मेंतुहोतेपने धाडलेल्या दहा हजार माणसांच्या मोहिमेची हकीकत आहे. राजाच्या शवपेटीसाठी दगड शोधीत असता अवचित पाऊस आला, डोंगराळ मुलुखाचे तळे झाले, आणि दरीच्या मध्यात गोड्या पाण्याने काठोकाठ भरलेली विहीर दृष्टीस पडली. ही देवाची करणी, असे त्या वजिराने लिहून ठेवले. कोरड्या मुलुखात ज्याने पावसाची वाट पाहिली आहे, तो त्याला हसणार नाही.

दगड शोधायला, असे मी म्हटले. कारण या दरीत राजे पुष्कळदा सोन्यासाठी नव्हे, तर तेथल्या काळसर, बारीक पोताच्या खडकासाठी माणसे पाठवीत. तासल्यावर तो सुंदर झिलई घेतो; इजिप्तच्या अगदी आरंभीच्या काळातील नार्मेर राजाची प्रसिद्ध शिलापट्टी याच खडकाची आहे. आपला नकाशा ज्याच्या काळातला, त्या चौथ्या रामसेसने आपल्या तिसऱ्या वर्षी अशी एक प्रचंड मोहीम काढली. तिचा लेख म्हणजे चक्क हजेरीपट आहे. सैनिक ५,०००, पाथरवट १३०, चित्रकार २, मूर्तिकार ४, अशी खातेवार नोंद करीत तो आठ हजार तीनशेंच्या पुढे जातो. त्याच लेखात आणखी एक आकडा आहे: मृत, या यादीतून वगळलेले, ९००. दहांमागे एक माणूस परतला नाही, आणि ही गोष्ट लपविण्याची राजाला गरज वाटली नाही. कोणत्याही काळचा हजेरीपट पाहताना मी आता वगळलेल्यांचा रकाना आधी शोधतो.

हजेरीपटात माणसे मोजली जातात, बोलत नाहीत. खाणीतील माणसांचे हाल प्रथम शब्दांत उतरविले ते एका ग्रीक लेखकाने. अगाथार्किडीज त्याचे नाव, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात तो होऊन गेला. त्याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला. परंतु डायोडोरस आणि फोटिअस या पुढील लेखकांनी त्यातील भाग उतरून घेतला, म्हणून तो आपल्याला कळतो. तो सांगतो ती खाण इजिप्तच्या दक्षिण सीमेकडची, टॉलेमी घराण्याच्या अमलातली. राजा तेथे गुन्हेगार, युद्धकैदी आणि रोषास बळी पडलेले लोक धाडीत असे, आणि कित्येकदा त्यांच्याबरोबर त्यांचे कुटुंबही. पायांत बेड्या. पहाऱ्यावर परदेशी शिपाई, अशासाठी की कैद्यांची आणि त्यांची भाषा एक नसावी, म्हणजे बोलून वश करण्याची सोय उरणार नाही. कठीण खडक जाळ घालून तडकवीत आणि मग घणांनी फोडीत. भुयारात अंधार, म्हणून कपाळावर दिवे बांधलेले. फुटलेले तुकडे वेचून बाहेर आणण्यासाठी लहान मुले भुयारात शिरत. मोठी माणसे ते दगडी उखळांत कुटून वाटाण्याएवढे करीत. मग बायका आणि म्हातारे ते जात्यांवर दळून पिठासारखे बारीक करीत. हे पीठ उतरत्या फळीवर पाणी सोडून धूत. माती वाहून जाई, जड सोने मागे राही. शेवटी ते मातीच्या बंद भांड्यांत शिसे, मीठ, थोडे कथील आणि जवाचा कोंडा घालून पाच दिवस आणि पाच रात्री तापवीत. आजारी, लंगडा, वृद्ध, स्त्री, कोणालाही सवलत नाही. मरेपर्यंत काम, असे तो लिहितो.

हे वर्णन इतके परिणामकारक आहे की पुढची दोन हजार वर्षे प्राचीन सोनखाण म्हटली की वाचकांच्या डोळ्यांपुढे हेच चित्र उभे राहिले. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ते एका काळचे, एका ठिकाणचे आहे. प्रत्येक खाणीवर ते चिकटविणे बरोबर नाही, हे फवाखीरनेच पुढे दाखवून दिले.

त्याआधी मधल्या रोमन काळाकडे वळले पाहिजे, कारण तेथे आपलाही संबंध येतो. इजिप्त रोमच्या ताब्यात आल्यावर कोप्तोस ते समुद्र ही वाट हिंदुस्थानच्या व्यापाराची वाट झाली. आजच्या कुसैरपासून जवळच 'मायोस होर्मोस' हे बंदर होते. तेथून आपल्या काळी दरसाल १२० गलबते हिंदुस्थानकडे जातात, असे भूगोलकार स्ट्रेबोने लिहिले आहे. त्या जागेच्या उत्खननांत तमिळ-ब्राह्मी अक्षरांत नावे लिहिलेली खापरे, मिरी, तांदूळ आणि सागवानी लाकूडही मिळाले. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या खलाशांच्या मार्गदर्शक ग्रंथात सोपारा आणि कल्याण ही बंदरे आली आहेत. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, तेथून कापड गाड्यांवर लादून भडोचला येई, असेही त्यात नमूद आहे. आणि बदल्यात येणाऱ्या मालात सोन्यारुप्याची नाणी होती. हिंदुस्थान दरसाल आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार तर सर्वश्रुत आहे. त्या नाण्यांतले सोने फवाखीरचे होते, असे मात्र मी सुचवीत नाही. रोमचे पुष्कळसे सोने स्पेनकडून येई. पण पैठणच्या बाजारातून निघालेला एखादा अकीक या विहिरीवरून उंटाच्या पाठीवर गेला असेल, हे मानायला हरकत नाही.

या विहिरीपाशी राहणाऱ्यांची काही पत्रेही मिळाली आहेत. येथे १९४०च्या सुमारास खापरांवर शाईने लिहिलेली ग्रीक आणि लॅटिन पत्रे सापडली आणि गेरो या फ्रेंच अभ्यासकाने ती १९४२ साली प्रसिद्ध केली. त्यांतील काही रुस्तिउस बार्बारुस नावाच्या माणसाने पोम्पेइउसला धाडलेली आहेत. राजकारण नाही, युद्ध नाही; मी धाडलेल्या भाकऱ्या पोहोचल्या असतील तर उलट उत्तर का लिहिले नाहीस, असे तो काहीसे रुसून विचारतो. कोबीच्या भाजीचाही उल्लेख आहे. साम्राज्याच्या त्या टोकाला माणसे एकमेकांच्या पत्राची आणि हिरव्या भाजीची वाट पाहत होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. विहिरींच्या जवळच एका अरुंद दरीत दगडी घरांचे मोठे अवशेष आहेत. ते रोमन काळातील तांड्यांचा मुक्काम असावा, असे पुष्कळ काळ समजले जाई. शिकागो विद्यापीठाच्या कॅरोल मेयर यांनी १९९२ पासून तेथे अनेक हंगाम मोजणी केली आणि पुढे काही ठिकाणी उत्खननही केले. खापरांवरून वस्तीचा काळ ठरला तो इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांचा, म्हणजे बायझंटाईन साम्राज्याचा. ती व्यापारी तांड्यांची धर्मशाळाही नव्हती. ते सोने काढणाऱ्यांचे गाव होते. मुख्य वस्तीत २३७ इमारती मोजल्या गेल्या आणि लोकवस्ती हजाराच्या थोडी वर असावी, असा अंदाज निघाला.

गावाचा रस्ता म्हणजे त्या दरीचेच वाळूचे पात्र. दोन्ही बाजूंस दोन-तीन खोल्यांची घरे, ग्रॅनाइटचे धोंडे मातीगाऱ्याशिवाय एकावर एक रचून बांधलेली. पाऊस नाही, नंतर कोणी वस्ती केली नाही, म्हणून कित्येक भिंती अजून उभ्या आहेत. दारे ओळखू येतात. भिंतींत कोनाडे आहेत, बसायला दगडी ओटे आहेत. घराबाहेर उकिरडे आहेत. भांड्यांवर क्रुसाचे ठसे आढळतात. वस्ती ख्रिस्ती होती. डोंगरावर गारगोटीची शीर धरून खणलेले चर आणि आडवी भुयारे आहेत. घरांच्या आसपास दगड फोडण्याचे ठोकळे आणि दळण्याची जाती पडलेली आहेत. एवढ्या मोठ्या वस्तीला साजेशा सोने धुण्याच्या जागा मात्र मिळालेल्या नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे दळलेली पूड पुष्कळशी नाईलकाठी नेत असावेत. हजार माणसांना माणशी पाचच लिटर पाणी धरले, तरी रोज पाच हजार लिटर झाले. ते डोंगरातील विहिरींतून शेंदायचे. तेथे धुण्यासाठी पाणी खर्च करणे कोणत्याही कारभाऱ्याला जड गेले असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या गावाला तट नाही. वेस नाही, तुरुंग नाही, कैद्यांच्या कोठड्या नाहीत. अगाथार्किडीजच्या खाणीत बेड्या आणि परभाषी पहारेकरी होते. येथे घरांना ओटे आणि भिंतींना कोनाडे आहेत. धान्य, द्राक्षमद्य, तेल, सारे काही नाईलच्या खोऱ्यातून उंटांवर आणि गाढवांवर लादून यावे लागे, आणि ते येत होते. या पुराव्यावरून मेयर यांनी निष्कर्ष काढला की हे लोक कैदी नसून मोबदला घेऊन काम करणारे असावेत. साम्राज्याला सोन्याची निकड होतीच. कॉन्स्टंटाईनने चौथ्या शतकाच्या आरंभी जे 'सॉलिडस' नाणे पाडले, ते रोमन रत्तलाला ७२ या दराचे, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम सोन्याचे. समजा, टनभर दगडात दहा ग्रॅम सोने आहे. तर एका नाण्यासाठी साडेचारशे किलो दगड फोडून, कुटून, दळून त्याचे पीठ करावे लागेल. हे पीठ करणारे हात स्वतंत्र होते म्हणून काम हलके होत नाही. पण संध्याकाळी आपल्या दारात, आपल्या ओट्यावर बसण्याचा हक्क त्यांना होता. हा फरक मला लहान वाटत नाही. राजे आणि ग्रंथकार यांनी खाणीविषयी जे लिहिले, त्याला या ओट्यांनी एक दुरुस्ती जोडली आहे.

सहावे शतक संपता संपता हे गाव ओस पडले. तेथे आग किंवा लुटालूट झाल्याची खूण नाही. मला संभवनीय वाटते ते कारण खडकातच आहे. शिरांच्या वरच्या भागात हवापाण्याने लोह-गंधक कुजून गंजते आणि त्यातील सोने मोकळे होते. ते कुटून-धुऊन हाती येते. खोल गेले म्हणजे सोने त्या स्फटिकांत घट्ट कोंडलेले असते, आणि जात्यापुढे ते हार जात नाही. हाताने परवडणारा थर संपला म्हणजे माणसे उठतात. त्यांनी पुन्हा बांधाबांध केली असेल आणि उंटांवर सामान लादून ती नाईलकडे गेली असतील.

नंतरच्या हजार-बाराशे वर्षांत हा मुलुख सर्वस्वी निर्मनुष्य झाला असे नाही. यात्रेकरू आणि व्यापारी त्यातून जात राहिले. त्यातील एक प्रसंग आपल्या लोकांशी निगडित आहे. नेपोलियनने इजिप्तमध्ये मागे ठेवलेल्या फ्रेंच फौजेविरुद्ध १८०१ साली इंग्रजांनी हिंदुस्थानातून जनरल बेअर्डच्या हाताखाली सैन्य पाठविले. त्यात मुंबई इलाख्याच्या देशी पलटणींचे शिपाई होते, आणि त्या काळी या पलटणींची भरती मोठ्या प्रमाणात कोकणातून होत असे. जूनच्या उन्हात ते कुसैरला उतरले आणि तुकड्यातुकड्यांनी, पुष्कळदा रात्रीचे, विहिरी गाठीत नाईलकाठच्या केना गावाकडे चालत गेले. ते कैरोजवळ पोहोचले तोवर तेथील फ्रेंच शरण आले होते. लढण्याची वेळ फारशी आलीच नाही. ज्यांच्या गावी त्याच महिन्यांत मृगाच्या सरी कोसळत होत्या, ती माणसे पिण्याच्या पाण्याचा हिशेब करीत त्या कोरड्या मुलुखातून चालली. त्यांच्यापैकी कोणी लिहून ठेवले असते, तर मराठीत वाळवंटाचे एक अस्सल वर्णन आले असते.

विसाव्या शतकात यंत्रे आली. आरंभीच्या वर्षांत इंग्रज कंपन्यांनी या वाळवंटातील जुन्या खाणी पुन्हा उघडून पाहिल्या. फवाखीर आणि एल-सिद येथे मुख्य काम चालले ते चाळीस आणि पन्नास या दशकांत. प्राचीन माणसाने जेथे हात टेकले, तेथून खाली यंत्राने उतरायचे आणि रसायनांनी सोने सोडवायचे, असा त्याचा क्रम होता. पण १९५८च्या सुमारास इजिप्तमधील सोनखाणी एकामागून एक थंडावल्या आणि फवाखीरच्या जुन्या ओसाड घरांशेजारी नव्या ओसाड इमारतींची भर पडली. नव्या पडक्या इमारतींना जुन्यांची ऐट नाही. पत्रा लवकर गंजतो, ग्रॅनाइटचा धोंडा तसाच राहतो.

यानंतर अर्ध्या शतकाने, २००९ साली, दक्षिणेकडे मर्सा आलम गावाजवळ सुकारी येथे आधुनिक खाण सुरू झाली. तिचा मुख्य भाग अख्खा डोंगर उघडा करून खणायचा आहे, जोडीला भुयारांतूनही दगड काढला जातो. तेथे उघड्यावरच्या दगडात टनामागे सुमारे एक ग्रॅम एवढेच सोने असते. फवाखीरच्या कामकऱ्याने अशा दगडाकडे वळूनही पाहिले नसते. प्रचंड गिरण्या ते दळतात, आणि धुण्यासाठी लागणारे पाणी तांबड्या समुद्रातून पंचवीस किलोमीटर लांबीच्या नळांनी आणले जाते. त्या खाणीला डोंगरातल्या विहिरीची गरज उरलेली नाही. फवाखीरला मात्र दोन खडक जेथे भिडतात, तेथे ग्रॅनाइटच्या भेगांतून पाणी अजून झिरपत येते. अमेननख्तच्या नकाशातल्या वस्तीलाही अशाच एका विहिरीचा आधार होता.